निळं-हिरवं शेवाळ पुन्हा पुन्हा येतंय? ते कुठून परततं ते आधी पाहा

माशांच्या, झाडं लावलेल्या टाकीत निळं-हिरवं शेवाळ एकदा आलं म्हणून कोणी फारसं घाबरत नाही. हाताने काढलं, पाणी बदललं, विषय संपला. वैताग येतो तो तिसऱ्या खेपेला. काही टाक्यांत ते दोन दिवसांत परत येतं, काहींत ब्लॅकआउटनंतर, म्हणजे टाकी काही दिवस पूर्ण अंधारात ठेवल्यानंतर, तीन आठवड्यांनी. काही ठिकाणी औषधाचा पूर्ण कोर्स होतो, टाकी झकास दिसू लागते आणि मग एके सकाळी पुढच्या काचेशी पुन्हा हिरवी किनार उगवते. तक्रार सगळ्यांची एकच, "काहीही करा, जातच नाही." दुखणी मात्र वेगवेगळी असतात आणि सगळ्यांना एकच औषध सांगितलं जातं.

म्हणून कुठलाही उपाय करण्याआधी दोन गोष्टी कुठेतरी टिपून ठेवा. परतताना ते सगळ्यात आधी टाकीच्या कुठल्या भागात दिसतं, आणि साफ केल्यापासून साधारण किती दिवसांनी. उपाय निवडायला या दोन नोंदी जितक्या कामाला येतात तितकं पाणी तपासायचं कुठलंही टेस्ट किट येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी खात्री करा

हे सायनोबॅक्टेरिया (थोडक्यात सायनो), म्हणजे प्रकाशावर स्वतःचं अन्न बनवणारे जिवाणू. टाकीत बहुतेक वेळा ऑसिलेटोरिया किंवा फॉर्मिडियम या गटांतले धागेवाले प्रकार असतात. धागे एकमेकांत गुंतून वाळूवर, पानांवर, लाकडावर बुळबुळीत पापुद्रा धरतात. रंग निळसर हिरवा, गडद हिरवा, कधी जवळजवळ काळा, क्वचित जांभळट. कड बोटाने उचलली की दुधावरच्या सायीसारखा अख्खा तुकडा सुटून येतो. दिवे लागून काही तास झाले की पापुद्र्याखाली बुडबुडे अडकलेले दिसतात.

सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे वास. तुकडा बाहेर काढून नाकाजवळ न्या. ओल्या मातीचा, तळघराचा कुबट वास येतो. यातले बरेच प्रकार जिओस्मिन नावाचं रसायन तयार करतात. पहिल्या पावसात जमिनीतून येणारा मृद्गंधही त्याचाच, फक्त तिथे ते मातीतले दुसरे जिवाणू बनवतात. झाकण उघडल्यावर तोच वास इतका एकवटून येतो की मृद्गंधाची आठवण काही सुखद राहत नाही.

केसांसारखं शेवाळ ओढलं तर धागा ताणला जातो, पापुद्रा निघत नाही. काचेवरचे कडक हिरवे ठिपके खरवडावे लागतात. नव्या टाकीतला तपकिरी थर डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा असतो, हात लागताच पाण्यात विरतो. नव्या लाकडावर येणारा पांढुरका चिकट थर याहून वेगळा, तो काही आठवड्यांत आपोआप जातो. तरीही शंका राहिलीच तर छोटा तुकडा पांढऱ्या बशीत टाकीच्याच पाण्यात घालून मंद उजेडात ठेवा. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी तुकड्याभोवती बारीक धागे बाहेर सरकून पसरलेले दिसले तर सायनोच आहे. हे धागे खरोखर सरकतात, पृष्ठभागावर घसरत जागा बदलतात.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, शेवाळ खाणारी मंडळी इथे उपयोगाची नाहीत. अमानो श्रिंप, ऑटोसिंक्लस, नेराइट गोगलगाई, सगळे याला बगल देऊन पुढे जातात. केवळ यासाठी नवे जीव आणून टाकीवरचा भार वाढवू नका. दोन, तुटलेल्या धाग्याचा प्रत्येक तुकडा नव्याने वाढू शकतो, त्यामुळे ब्रशने घासणं म्हणजे पेरणी करणं. पापुद्रा सायफनने, म्हणजे पाणी खेचून बाहेर काढणाऱ्या नळीने, ओढूनच काढायचा, आणि सायफन तोंडाने ओढून सुरू करायचा नाही, कारण यातले काही प्रकार विषारी द्रव्यं तयार करतात. हातमोजे घाला, हातावर जखम असेल तर टाकीत हात घालूच नका. तीन, फिल्टरच्या पाण्यावर अतिनील किरण सोडणारा यूव्ही दिवा याचं काही बिघडवत नाही. तो पाण्यात तरंगणाऱ्या हिरव्या शेवाळासाठी ठीक आहे. हे महाशय तळाला चिकटून बसलेले असतात, दिव्यापर्यंत जातील कशाला?

पुढच्या काचेशी, वाळूच्या रेषेखाली

परत येण्याची ही सगळ्यात जास्त आढळणारी जागा. काच आणि वाळू यांच्या मधल्या फटीत हिरवी पट्टी दिसते, वर मात्र टाकी स्वच्छ. या जागी तीन सोयी एकत्र येतात. बाहेरचा उजेड काचेतून थेट आत शिरतो, पाणी जवळजवळ हलत नाही, आणि सडणारं खाद्य, विष्ठा, पानांचे तुकडे तिथेच साचतात. वरून कितीही साफ करा, साठा खाली शिल्लक राहतो आणि पुढच्या खेपेला तिथूनच वर चढतो. ब्लॅकआउट करूनही ज्यांच्याकडे ते परततं त्यांच्यातल्या अनेकांचा गुन्हेगार ही पट्टी असते.

उपाय अगदी साधा आहे आणि का कोण जाणे, फार कमी लोक तो करतात. काचेच्या बाहेरून, वाळूच्या उंचीइतकी रुंद काळी टेप लावा. समोरून, बाजूंनी, जिथे जिथे पट्टी दिसते तिथे. टेपची वरची कड वाळूच्या रेषेच्या किंचित वर असू द्या. टेप लावण्याआधी एखादी पातळ पट्टी किंवा जुनं प्लास्टिक कार्ड काचेलगत खाली सरकवून ती हिरवळ सुटी करा आणि सायफनची नळी लगेच तिथे धरा. दर आठवड्याच्या पाणीबदलाला हीच कड सायफन करत जा. टेप एक-दोन महिने तरी काढू नका.

खिडकीतून ऊन येत असेल तर दिव्याचा टायमर कितीही कमी केला तरी फरक पडणार नाही. टाकीवर ऊन पडतच नाही असं सांगणाऱ्यांनी वर्षातून दोन-तीनदा वेगवेगळ्या ऋतूंत दिवसभर लक्ष ठेवून पाहावं. सूर्य खाली कलतो त्या महिन्यांत ऊन घरात बरंच आतपर्यंत पोचतं. दरवर्षी ठरावीक काळात परतणाऱ्या सायनोचं उत्तर बहुतेक वेळा पडद्यात असतं.

कोपऱ्यात, लाकडामागे, दाट झाडांच्या बुंध्याशी

इथे पहिला संशय प्रवाहावर घ्या. फिल्टरच्या खोक्यावर लिहिलेला आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो. आत स्पंज, गाळणीचं इतर साहित्य (मीडिया) आणि सहा महिन्यांचा गाळ भरला की प्रत्यक्ष प्रवाह निम्म्यावरही येऊ शकतो, आणि हा बदल इतका हळू होतो की रोज पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मोजायचं सोपं आहे. बाहेर येणारी नळी टाकीच्याच उंचीवर धरून १० लिटरच्या बादलीत सोडा आणि वेळ लावा. ७२ सेकंदांत बादली भरली तर प्रवाह तासाला ५०० लिटर. १०० लिटरच्या झाडांच्या टाकीला एवढा तरी हवा, म्हणजे टाकीच्या पाचपट. दाट लागवड असेल तर याहून जास्त लागतो, दहापटीपर्यंत.

आकडा ठीक निघाला तरी पाणी कोपऱ्यात पोचतं का, हे वेगळं पाहावं लागतं. चिमूटभर बारीक खाद्य चुरून पाण्यात सोडा आणि कण कुठे थांबतात ते बघा. झाडांची पानं टाकीभर किंचित हलत असली पाहिजेत. कण थांबतात ती जागा आणि सायनो परतण्याची जागा एकच निघाली तर औषधाचा विचार बाजूला ठेवा. स्पंज टाकीच्याच पाण्यात धुवा, नळीतला चिकट थर ब्रशने काढा, फिल्टरचं पाणी बाहेर पडतं त्या तोंडाची (आउटलेटची) दिशा बदला, दाट झुडपं छाटा. लागलाच तर पाणी ढवळणारा छोटा पंप (वेव्हमेकर) बसवा.

मॉसवर, पानांवर, सगळीकडे

खरी गुंतागुंत इथे आहे. वाळूच्या कडेला किंवा कोपऱ्यात न अडकता सायनो झाडांवरच पसरतं तेव्हा झाडांची वाढ थांबलेली असण्याची शक्यता मोठी. आणि वाढ थांबण्याचं सगळ्यात जास्त दुर्लक्षित कारण म्हणजे नायट्रेट, म्हणजे पाण्यातलं झाडांचं नायट्रोजनचं खाद्य, शून्यावर येणं.

शेवाळ दिसलं की खत बंद करायचं, हा सल्ला इतका मुरलेला आहे की कोणी तो तपासूनही पाहत नाही. हिशोब मात्र उलटा पडतो. पाण्यात नायट्रेट संपलं की झाडं उपाशी राहतात, सायनो राहत नाही. यांच्यातले काही प्रकार हवेतला विरघळलेला नायट्रोजन थेट वापरू शकतात. इतरांना पापुद्र्याखाली सडणाऱ्या घाणीतून अमोनिया मिळतो. रात्री पापुद्र्याखालचा ऑक्सिजन संपतो तेव्हा तळातल्या गाळात अडकलेलं फॉस्फेटही सुटं होतं आणि तेही त्यांनाच मिळतं. म्हणजे खत बंद करून आपण प्रतिस्पर्ध्यालाच मैदानाबाहेर काढतो.

झाडांच्या टाकीत नायट्रेट १० ते २० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट १ ते २ पीपीएम ठेवा. नायट्रेट वाढवायला पोटॅशियम नायट्रेट वापरतात. त्याच्या वजनाचा सुमारे ६१ टक्के भाग नायट्रेट असतो, म्हणून १०० लिटर पाण्यात १० पीपीएम वाढवायला साधारण १.६ ग्रॅम लागतं. वाळू, दगड यांनी व्यापलेली जागा वजा करून प्रत्यक्ष पाणी किती आहे ते धरा. १०० लिटर म्हणून घेतलेल्या टाकीत पाणी बरंच कमी असतं.

टेस्टबद्दल एक इशारा. द्रवरूप नायट्रेट किटमधल्या ज्या बाटलीत पूड तळाला बसते ती बाटली जोरजोरात हलवावी लागते, सूचनेत लिहिलेलं असतं तितका पूर्ण वेळ. दोनदा झटका देऊन थेंब टाकले तर शून्य दिसतं. उलटही होतं, तपासणीच्या कागदी पट्ट्यांवर रंग दिसतो म्हणून नायट्रेट भरपूर आहे असा समज होतो. आकड्यावर शंका असेल तर आधी माहीत प्रमाणाचं द्रावण बनवून किटच तपासा. एक लिटर पाण्यात ०.१६ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट म्हणजे जवळजवळ १०० पीपीएम. त्यातलं १०० मिलिलिटर घेऊन एक लिटर केलं की १० पीपीएम. वजनकाटा बारीक नसेल तर १.६ ग्रॅम १० लिटरमध्ये विरघळवा आणि तिथून पुढे जा. हे पाणी नायट्रेटरहित असायला हवं, म्हणजे आरओ किंवा डिस्टिल्ड.

नायट्रेट आधीच ३०-४० पीपीएम असूनही सायनो आहे, अशाही टाक्या असतात. तिथे नायट्रेट आणखी वाढवून काही मिळत नाही. तिथे बहुधा घाण जास्त असते. जादा खाद्य, जादा मासे, वर्षानुवर्षं न हललेला तळ, मेलेल्या पानांचा थर. नवी टाकी असेल आणि त्यात ताजं ॲक्वासॉइल (झाडांसाठीची खतयुक्त माती) असेल तर पहिले काही आठवडे मातीतून अमोनिया सुटतो. तेव्हा मोठे आणि वारंवार पाणीबदल करत थांबणं पुरतं. दिवे सहा तासांवर आणा, जलद वाढणारी झाडं भरपूर लावा, आणि महिन्याभराच्या टाकीत अँटिबायोटिक ओतायच्या फंदात पडू नका.

प्रत्यक्ष काढताना

कारण हाती लागलं की मगच मारायला घ्या. माझी पहिली पसंती ब्लॅकआउटलाच असते, कारण त्यात काही ओतावं लागत नाही. आधी दिसेल तेवढा पापुद्रा सायफनने काढा, निम्मं पाणी बदला, नायट्रेट १० ते २० पीपीएमवर आणा. झाडांसाठी सोडत असाल तो कार्बन डायऑक्साइड बंद करा, हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन चालू करा. मग टाकी जाड चादरींनी किंवा काळ्या पिशव्यांनी सगळीकडून झाका. झाकणाच्या फटी आणि पाठीमागची बाजू लोक विसरतात. तीन ते चार दिवस पूर्ण अंधार. डोकावून पाहायचं नाही, खाद्य द्यायचं नाही. मोठ्या, सशक्त माशांना एवढा उपास सहज झेपतो. टाकीत नुकती फुटलेली पिल्लं असतील तर हा उपाय सध्या नको.

उघडल्यावर मेलेला राखाडी गाळ लगेच सायफन करा आणि पुन्हा निम्मं पाणी बदला. ही पायरी टाळली तर तोच गाळ कुजून पुढच्या पिकाचं खत होतो. काही झाडं पानं टाकतील, नाजूक खोडवाली जरा लांबलेली दिसतील, आठवड्याभरात सावरतात. दिवे पहिला आठवडा पाच-सहा तासच.

थोड्या जागी असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड चांगलं काम करतं. सायनो इतर शेवाळांपेक्षा पेरॉक्साइडला कच्चे असतात. नेदरलँड्समधल्या एका तळ्यात २००९ साली अख्ख्या तळ्याला लिटरमागे जेमतेम २ मिलिग्रॅम देऊन सायनोचा बहर उतरवला होता. टाकीसाठी ३ टक्क्यांचं द्रावण घ्या. दिवसाला दर ४ लिटर पाण्यामागे १ मिलिलिटर ही वरची मर्यादा धरा, म्हणजे १०० लिटरला २५ मिलिलिटर. बाटलीवर ६ टक्के लिहिलं असेल तर निम्मं. फिल्टर बंद करा, सिरिंजने अगदी हळू पापुद्र्यावर सोडा, १०-१५ मिनिटांनी फिल्टर चालू करा. दुसऱ्या दिवशी तो भाग फिका पडलेला दिसेल, तो ओढून काढा. मॉस, रिक्शिया, व्हॅलिसनेरिया यांना पेरॉक्साइड सोसत नाही, त्यांच्यावर थेट सोडू नका. उघडून वर्ष झालेली बाटली म्हणजे बहुतेक पाणीच, तिच्यावर विसंबून "पेरॉक्साइडने काही होत नाही" असा निष्कर्ष काढू नका.

एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक शेवटी. ते काम करतं यात शंका नाही, नेहमीची मात्रा लिटरमागे सुमारे ५ मिलिग्रॅम असते आणि पाकिटावरचा कोर्स पूर्ण करावा लागतो. मत्स्यपेटीसाठी बनवलेली पूडच घ्या. माणसांच्या गोळ्यांवर आवरण असतं, मात्राही जुळवता येत नाही. फिल्टरमधला कार्बन काढा, यूव्ही बंद ठेवा, आणि रोज अमोनिया तपासा. एकाच वेळी मेलेला एवढा जीवभार कुजतो तेव्हा अमोनिया चढतोच, आणि फिल्टरमधल्या जिवाणूंनाही थोडा फटका बसू शकतो. ०.२५ पीपीएमच्या वर दिसला की पाणी बदला. पण हे माणसांच्या आजारांवरचं औषध आहे, बऱ्याच देशांत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि पुन्हा पुन्हा अर्धवट मात्रेत दिलं तर दाद न देणारे जिवाणू तयार होतात. एकदा पूर्ण कोर्स करूनही परत आलं तर दुसरा कोर्स सुरू करू नका. कारण अजून टाकीतच बसलेलं आहे.

किती दिवसांनी परतलं?

दोन-चार दिवसांत परतलं असेल तर ते गेलंच नव्हतं. काढताना तुकडे राहिले किंवा ब्लॅकआउटमध्ये कुठून तरी उजेड शिरला. दोन ते चार आठवड्यांनी परतलं तर वाळूच्या रेषेखालचा साठा किंवा शून्य नायट्रेट, या दोन्हींकडे परत बघा. खत पुन्हा सुरू करायचं राहून गेलेलं असतं, हे इतक्यांदा दिसतं की आधी तेच विचारावंसं वाटतं. दोन-तीन महिन्यांनी आलं तर फिल्टर उघडा. गाळ साचून प्रवाह मंदावायला साधारण तेवढाच काळ लागतो. आणि एका टाकीतून दुसऱ्या टाकीत सारखं फिरत असेल तर कात्री, चिमटा, जाळी धुऊन पूर्ण वाळवूनच दुसरीकडे वापरा. नवी झाडं आणताना त्यांवरचा पापुद्रा काढून धुऊन घ्या. तरी टाकी कायमची निर्जंतुक ठेवता येईल या भ्रमात राहू नका, हे जीव कुठूनही येतात.

राहता राहिली ती टाकी, जिच्यात काचेशी वाळूखाली बोटभर हिरवी पट्टी वर्षभर आहे, ती वर येत नाही, झाडं जोमात आहेत, मासे धडधाकट. तिथे टेप लावा किंवा तीही लावू नका, पाणीबदलाच्या वेळी कड सायफन करा आणि तिला तिच्या जागी राहू द्या.